माडीची गाडी

२२ नोव्हेंबर १९५८, शनिवार

आली एकदाची! मुंबईच्या शेठजींनी आमच्या आरोग्य मंडळाला भेट दिलेली लाकडी खोली मचव्यातून रेवसला उतरली आणि ट्रकवर चढून संध्याकाळी नागावला पोचली. आमच्या फिरत्या दवाखान्याची खोली! आत तपासणीचं टेबल, औषधांचं कपाट, एक बाक, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. मुक्काम पडला तर नर्सबाईंना – म्हणजे मला – झोपायला एक फळी. रुंदी सव्वा फूट! सुतारानं कधी नर्स पाहिलेली नसावी.

दारावर पितळी पाटी. शेठजींचं नाव, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं. पाटीला आठ स्क्रू. खोली पिकअपला जोडायला – एकही नाही! लष्करी लिलावातला आमचा पिकअप, त्याच्या मागच्या हौद्यात ती नुसती ठेवायची. मी चिटणीस नानासाहेबांना विचारलं, "ही हलणार नाही का?"

"बाई, चौदा मणांची खोली आहे. स्वतःच्या वजनानं बसते."

स्वतःच्या वजनानं तर नानासाहेबही बसतात. पण त्यांच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी हात आहेत.

२४ नोव्हेंबर

खोली कायमची का ठोकत नाहीत, ते आज कळलं. आठवड्यातून तीन दिवस दवाखाना. उरलेले दिवस खोली उतरवून पिकअप "मंडळाच्या इतर कामांसाठी" मोकळा. इतर कामं म्हणजे नानासाहेबांच्या वाडीतले नारळ, हे सगळ्या नागावला ठाऊक आहे. नारळांना ठाऊक आहे.

आज चाचणी. खोलीला काथ्याचे दोर बांधले, नारळ फोडला (नानासाहेबांचाच). येसाजी ड्रायव्हर – लष्करात पंधरा वर्षं गाडी चालवलेला, दिवसाला सात शब्द बोलणारा माणूस – त्यानं दोर हातानं ओढून पाहिले आणि नुसती मान हलवली. मी आत बाटल्या सांभाळत बसले. पहिल्याच वळणावर खोली चार बोटं डावीकडे सरकली. दुसऱ्या वळणावर परत आली. येसाजीनं गाडी थांबवली, मागे येऊन विचारलं, "बाई, आहात ना?"

"आहे. अजून."

२७ नोव्हेंबर

गाडीवर खोली चढलेली बघून पोरं तिला "माडीची गाडी" म्हणतात. वरच्या मजल्याची माडी! हे नाव चौकीपर्यंत गेलं. आणि दारूबंदीच्या या काळात माडाच्या झाडाची माडी गाडीभर येते म्हटल्यावर हवालदार कसला झोपतो! चौल नाक्यावर हात आडवा. "माडी कुठाय?"

"तुमच्या डोक्यावर," मी म्हटलं.

बाटल्या हुंगल्याशिवाय सोडेना. टिंक्चर आयोडीन हुंगलं, फिनेल हुंगलं. अमोनिया हुंगला तेव्हा तीन पावलं मागे जाऊन त्यानं मला सलाम ठोकला.

३ डिसेंबर

दिनानाथ डॉक्टरांनी आता विषय हातात घेतलाय. देव आमचं भलं करो. मुंबईला शिकलेले, तिशीतले, सदा इस्त्रीचे. प्रत्येक गोष्टीचा ते नकाशा काढतात. मागे शौचकूपाचा काढला होता, तो अजून नकाशातच आहे.

आज लाल पेन्सिलीनं कागदभर बाण काढून आले. हौद्याच्या काठाला चार हूक, खोलीच्या चार कोपऱ्यांना चार कड्या, मध्ये तार. "शास्त्रीय पद्धत!" गुणाजी लोहार कात्र्यांना धार लावून द्यायला आला होता. त्यानं हौद्याच्या काठावर टिचकी मारली. "डाक्तर, यो पत्रा हाय. पापराला हूक लावाल तं पापर तुटंल." (गुणाजीच्या बोलीत डचा र होतो आणि ळचा ल; पापर म्हणजे पापड.)

डॉक्टर हसले. इंग्रजीत काहीतरी म्हणाले. गुणाजीनं माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे.

हूक लागले. हिरवा रंगही दिला.

७ डिसेंबर, रविवार

उद्‌घाटन!!

शाळेच्या पटांगणात मांडव. मुंबईहून शेठजींचे मेव्हणे आले होते, पाहुणे म्हणून. भाषणं पाच. "आरोग्याची गंगा दारोदारी" तीन जणांनी म्हटलं. मग पाहुणे खोलीच्या दारात उभे राहणार, गाडी मांडवाला एक फेरी घालणार, ते हात हलवणार, असा नानासाहेबांचा बेत. येसाजी सावकाश निघाला. पटांगणाच्या कडेला पाण्याची चर. पुढचं चाक चरीत उतरलं, गाडी पिळली आणि – टण्ण! मागचा हूक पत्र्याचा लचका घेऊन उडाला तो थेट पाहुण्यांच्या गळ्यातल्या झेंडूच्या हारात! तिथेच लटकला. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. त्यांनी हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन बोटं वर लागता तर गळाच होता. पण हे टाळ्या थांबल्यावर सुचलं, आणि मग हसू आलं नाही.

नंतर सगळे येसाजीवर तुटून पडले. "जोरात नेलीस!" पायी चालणारं पोर गाडीच्या पुढे होतं, इतक्या जोरात!

१० डिसेंबर

मंडळाची सभा. विषय – हूक. निर्णय – हुकाची उपसमिती. नानासाहेब, डॉक्टर आणि मुख्याध्यापक. तिघांपैकी एकानंही आयुष्यात पाना धरलेला नाही.

मी लेखी अर्ज दिला होता: खोली पत्र्याला नको, गाडीच्या खालच्या सांगाड्याला, चासीला बांधावी. आत रोगी असतात. वाचून दाखवला. डॉक्टर गोड आवाजात म्हणाले, "सत्यवतीबाई, तुमचं क्षेत्र बाळंतपण. लोखंडातलं तुम्हाला काय कळणार?"

मी म्हटलं, "चौदा वर्षं नाळा बांधतेय. एक गाठ अजून सुटलेली नाही."

मुख्याध्यापकांना खोकला आला. इतिवृत्तात लिहिलं – "नर्सबाईंच्या सूचनेची नोंद घेण्यात आली." म्हणजे मेली ती सूचना.

१४ डिसेंबर

डॉक्टर आठ दिवस मुंबईला गेले. परिषद आहे म्हणे. नानासाहेब पाठदुखीनं आडवे. उपसमितीचा उरलेला सदस्य शाळेच्या सहामाहीत.

तडक गुणाजीच्या भात्याकडे गेले. "करून देशील?"

"तुमचा डाक्तर वरडंल."

"माझ्यावर ओरडेल. मला सवय आहे."

भाता ओढता ओढता म्हणाला, "माझी लेक नलू तुमच्या हातावर सुटली. आना गारी."

१६ डिसेंबर

गुणाजी अर्धा दिवस गाडीखाली उताणा. मीही शेजारी पोतं टाकून पडले. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका वाकून बघून गेल्या. बघू देत!

किती सोपं आहे ते! गाडीच्या पोटाखाली दोन जाड लोखंडी पट्ट्या आडव्या, चासीला यू-बोल्टनं आवळलेल्या. "चासीला भोक पारायचा न्हाय. भोक परला का ती थंयच चिरते." पट्ट्यांची चार टोकं हौद्याच्या बाहेर, त्यांना कड्या. तिथून वर खोलीच्या चार कोपऱ्यांपर्यंत टर्नबकल. रेवदंड्याच्या एका मोडक्या लाँचवरचे मिळाले. मधली नळी फिरवली की दोन्ही बाजूंच्या सळया आत ओढल्या जातात आणि ताण येतो. खोलीच्या तळाला जुन्या टायरचं रबर, म्हणजे घसरणार नाही.

आणि प्रत्येक टर्नबकलखाली एक जाड स्प्रिंग. मी विचारलं, स्प्रिंग कशाला? घट्ट तर घट्ट!

"गारी खड्ड्यान पिलवटते. खोली न्हाय पिलवटत. मदी कोनीतरी थोरा सोसाया पायजे, न्हाय तं जो नरम हाय तो तुटतो." मग म्हणाला, "स्प्रिंगचं येरं दिसले पायजेत. येरं मिटलं का समजायचा, लई आवललाव."

येरं म्हणजे वेढे. मी पाठ करून ठेवलं.

१८ डिसेंबर

झालं! चारही टर्नबकल मी स्वतःच्या हातानं फिरवले. तळहाताला फोड. येसाजीनं तीच चर मुद्दाम दोनदा ओलांडली. खोली गाडीबरोबर वाकली, गाडीबरोबर उठली. स्प्रिंगा तेवढ्या करकरल्या. येसाजी उतरला, गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "आता गाडी झाली." अर्ध्या दिवसाचे शब्द एका दमात खर्च केले.

२३ डिसेंबर

डॉक्टर आले. गाडीभोवती फिरले. वाकले. मी खुलासा देण्यासाठी तोंड उघडणार, तेवढ्यात –

"छान. मी सांगितलं होतं तसंच केलंत."

तोंड उघडंच राहिलं माझं! संध्याकाळी त्यांनी शेठजींना पत्र धाडलं. "माझ्या देखरेखीखाली नवीन पद्धतीची बांधणी." सोबत फोटो. फोटोत डॉक्टर टर्नबकलला हात लावून उभे. हात लावलाय तो उलट्या बाजूनं. असा फिरवला तर सुटतो.

गुणाजीला सांगितलं. तो इतका हसला की ठिणग्या पायावर पडल्या.

९ जानेवारी १९५९

तीन आठवड्यांत बावीस गावं. एक बाटली फुटलेली नाही. लिहिण्यासारखं काही नाही, हेच लिहिण्यासारखं.

२४ जानेवारी

चार दिवसांची रजा. तळे गावाला, आईकडे. आईनं हात हातात घेतले आणि म्हणाली, "नर्स झालीस की लोहारीण?"

२९ जानेवारी, गुरुवार

रात्र फार झालीय. तरी लिहिते.

काल उशिरा तळ्याहून परतले. सकाळी दवाखान्यात पाय ठेवते तोच निरोप – पोयनाडच्या अलीकडच्या वाडीत राही म्हणून बाई कालपासून अडलेली. डॉक्टर मांडव्याच्या बाजूला गेलेले. मी आणि येसाजी निघालो; जाताना मी पुढेच त्याच्या शेजारी बसले. पोटाला हात लावला आणि कळलं, बाळ आडवं आहे. माझ्या हातचं काम नव्हे. अलिबागचं सिव्हिल गाठायला हवं, आणि लवकर. नवरा सदू मुंबईला गिरणीत. राहीला टेबलावर घेतलं, सासू कृष्णाबाई पायाशी, दीर पुढे येसाजीशेजारी.

कार्लेखिंडीचा चढ लागला आणि माझे कान टवकारले. करकर नाही! स्प्रिंगांचा आवाजच नाही. त्याऐवजी प्रत्येक खड्ड्याला पुढच्या कोपऱ्यात – कट्. कट्. खिडकीतून डोकं बाहेर काढलं. स्प्रिंग जागेवर नव्हती. टर्नबकल थेट कडीत अडकवून पहारीनं आवळल्यासारखा ताठ. आणि वरच्या कडीचा बोल्ट लाकडातून बोटभर बाहेर आलेला.

पुढे खिंडीचा उतार. भिंत बडवली. "थांबव!"

येसाजी मागे धावत आला. खाली मान घालून म्हणाला, "झेंडावंदनाच्या खुर्च्या आणायला खोली उतरवली होती. बसवली डॉक्टरांनी. म्हणाले, हलतं ते चूक. काढ स्प्रिंगा. मी म्हटलं, नको." मग सीटखालचं खोकं उघडलं. चारही स्प्रिंगा फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या.

आत राही ओरडत होती. मी एक क्षण उभी राहिले. तसंच जायचं की थांबायचं? दोन्हीत ती मरू शकत होती. असा हिशोब कुणावर येऊ नये.

मी गाडीखाली शिरले. डावी बाजू माझी, उजवी येसाजीची. कृष्णाबाई दारातून किंचाळली, "माजी सून मरतंय न तू गारीखाली निजतंस? कसली गो तू बाय!" तिनं माझ्या पायाला धरून ओढलं. मी पाय सोडवून घेतला. लाथच बसली असेल तिला. तीन कोपरे नीट झाले. पुढचा डावा गेलाच होता. तिथे येसाजीनं गाडी ओढायची साखळी खोलीच्या तळच्या तुळईवरून घेऊन पट्टीला आवळली. बारा मिनिटं गेली. घड्याळ मनगटावर होतं, प्रत्येक मिनिट बघितलं.

उताराच्या दुसऱ्या वळणावर पेंढ्याची बैलगाडी आडवी. येसाजीनं ब्रेक दाबला. सगळी खोली पुढे झुकली. मी राहीच्या अंगावर आडवी पडले. कपाट उघडून बाटल्या फुटल्या. साखळी आवळली, स्प्रिंगा कण्हल्या – आणि खोली परत जागेवर बसली. कड्याच्या बाजूला दरी. कृष्णाबाईनं ती खिडकीतून पाहिली. त्यानंतर शिवी दिली नाही.

साडेअकराला सिव्हिल. पोट फाडून मुलगी काढली. रडली! राहीला रक्तस्राव फार. मोठे डॉक्टर म्हणाले, बघू.

मला दुपारी परतावं लागलं. दवाखान्यात माणसं बसून होती.

३१ जानेवारी

राही शुद्धीवर आहे. कांजी प्याली.

१ फेब्रुवारी

सभा. कृष्णाबाईनं गावभर केलंय – नर्स गाडीखाली झोपली. नानासाहेबांनी चष्मा लावून वाचलं: "रुग्ण अत्यवस्थ असता वाहन बारा मिनिटे उभे का केले, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा." अलिबागला पोचली, माय-लेकी जिवंत आहेत, हे कुणाच्या गावी नाही. खुर्च्या वेळेवर आल्या होत्या का, तेही विचारा म्हणावं!

आणि आमचे डॉक्टर? तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. फोटोला हात पुढे, सभेत हात खिशात. तोंडही कसं पांढरं पडलेलं! भित्रा मेला.

३ फेब्रुवारी

खुलासा लिहिला. दोन पानं. स्प्रिंगा कोणी काढल्या, कोणत्या तारखेला, कोणी नको म्हटलं होतं – सगळं नावानिशी. येसाजीची सही घेतली. हा कागद शेठजींपर्यंत गेला की डॉक्टरांची नागावातली नोकरी संपली. पुन्हा वाचला. एकही शब्द खोटा नाही. फार बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं.

७ फेब्रुवारी

सिव्हिलला राहीला बघायला गेले. बसली होती, मुलीला पाजत. वेणूबाई सिस्टरना विचारलं, रक्त कुणी दिलं? दिरानं?

"दीर सुई बघून पळाला. तुमचे डॉक्टर आले ना, तुम्ही गेल्यावर. सायकलवरून, धापा टाकत. त्यांचं जुळलं. एक बाटली घेतली. संध्याकाळी पुन्हा रक्त जायला लागलं तर म्हणाले, अजून घ्या. मोठ्या डॉक्टरांनी नको म्हटलं. रात्रभर तिच्या खाटेशी बसून होते. कुणाला सांगू नका म्हणाले. आणि सारखं काहीतरी स्प्रिंग, स्प्रिंग म्हणत होते. मला काही कळलं नाही, बाई. तुम्हाला काही कळतंय का?"

मी नाही म्हटलं.

घरी येऊन खुलासा नव्यानं लिहिला. स्प्रिंगा काढलेल्या होत्या, एवढं ठेवलं. कोणी काढल्या ते मंडळानं माझ्या तोंडावर विचारावं. विचारलं तर खोटं बोलणार नाही. आज मात्र ते नाव लिहायला हात उचलेना.